हॅपवाले सर

डोंगरे सरांसमोर 'नशीब' म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलं की ते चष्मा काढत, शर्टाच्या टोकानं पुसत आणि विचारत, "कोणाचं?" बस्स, एवढंच. समोरचा चाचपडत बसायचा. आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत मी गणित शिकवायची आणि ते इंग्रजी. एकोणीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. त्यामुळं त्यांचं ते चष्मा पुसणं मी किती वेळा पाहिलं असेल, त्याची गणती मला, गणितवालीलाही, जमायची नाही.

एकदा प्राचार्यांच्या चहात माशी पडली. ते सहज बोलून गेले, "घ्या, आमचं नशीब!" सर म्हणाले, "माशी पडली तो हॅप. चहा झाकला नव्हता, ते तुम्ही." प्राचार्यांच्या तोंडावर! आम्ही सगळे एकदम रजिस्टरांत डोकी घालून बसलो. पण सर चेष्टा करत नव्हते. त्यांना चेष्टा करताच येत नसे. उंचीनं बेताचे, अंगात पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेन, आणि बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरची पोरं आपणहून पुढं सरकून बसत.

हा 'हॅप' म्हणजे काय, ते सांगते. दरवर्षी नव्या वर्गात पहिल्या दिवशी ते फळ्यावर तीनच अक्षरं काढत. एच, ए, पी. पोरं म्हणत, "सर, पुढचं लिहा न, शब्द अर्धाच आहे." सर म्हणत, "अर्धा नाही. हा आजोबा आहे. तुम्हाला याचे नातू माहीत आहेत." मग खाली नातवांची नावं लिहीत. हॅपन, हॅपी, परहॅप्स, मिसहॅप. "हा मूळचा इंग्रजांचा नाही," ते सांगत. "उत्तरेकडच्या थंड मुलखातले दर्यावर्दी होड्यांतून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. कोणी लुटायला आले, कोणी वस्ती करायला. त्यांच्या तोंडून हा आला. अर्थ काय, तर जे वाट्याला येऊन पडलं ते. हॅपी म्हणजे आधी आनंदी नव्हे बरं का. ज्याच्या वाट्याला चांगलं पडलं, तो हॅपी. आनंदी हा अर्थ मागून आला."

एका वर्षी एक पोट्टा उठून म्हणाला, "सर, आजोबाले आता कोणी वापरतच नाही, तं शिकवून कायले राहिले?" सर म्हणाले, "आजोबा मेला म्हणून घरातला फोटो काढून टाकतो काय रे?"

आणि मग ते फळ्यावर दोन शेतं काढत. मध्ये धुरा, म्हणजे आपला बांध. दोन्हीकडं संत्र्याची झाडं. "गारा पडल्या. धुऱ्याच्या अलीकडं पडल्या, पलीकडं नाही पडल्या. आता अलीकडच्यानं काय पाप केलं होतं?" आमच्या भागातल्या प्रत्येक पोरानं हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एकाचा बहार झोडपून जमिनीवर आणि शेजाऱ्याचा झाडावर जसाच्या तसा. "काही केलं नव्हतं," सर म्हणत. "पडलं, एवढंच. या शब्दात मागचा जन्म नाही. कोणाचं पाप नाही, कोणाची पुण्याई नाही. म्हणून मला हा आवडतो." पोरांनी त्यांचं नावच पाडलं, हॅपवाले सर.

मी नवी नवी होते तेव्हा मला हे सगळं थोतांड वाटे. माझं आडनाव कडू, आणि जीभही तशीच, असं स्टाफ म्हणायचा. खोटं म्हणत नव्हता. मी एकदा विचारलं, "सर, पोरांना परीक्षेत काय हा शब्द येणार आहे? कशाला वेळ घालवता?" तेव्हा त्यांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. वडील मोहगावकडं एका पाटलाकडं सालदार होते. वर्षाच्या बोलीनं राबणारा गडी. घर बौद्ध, जमीन नाही. "माझ्या बापानं कधी काही मागितलं की मालक म्हणे, तुझं नशीब बावा, मी काय करू. बाप ते घरी घेऊन येई आणि आम्हाला देई. वह्या मागितल्या, तुमचं नशीब. चप्पल मागितली, तुमचं नशीब. मॅडम, मालकाचा हात आखडता होता, त्याला आमच्या घरात नशीब म्हणत. कॉलेजात मी डिक्शनरी चाळत होतो, तिथं हा शब्द दिसला. मला वाटलं, बापाला एवढा एक शब्द कोणी दिला असता तर त्याची मान थोडी वर राहिली असती." हे सांगताना आवाज चढला नाही, काही नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्या शब्दाला नावं ठेवली नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी माझा नवरा गेला. नागपूर रोडवर ट्रकनं स्कूटरला उडवलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. तेराव्याला घर भरलेलं, आणि सासूबाईंच्या माहेरच्या बायका स्वयंपाकघरात, मला ऐकू जाईल अशा बेतानं, माझ्या पायगुणाचा हिशेब मांडत होत्या. पुरुष मंडळी बाहेर बसलेली. डोंगरे सर उठले, सरळ आतल्या दारापर्यंत आले आणि सगळ्या बायकांसमोर मला म्हणाले, "मॅडम, हे तुमच्यामुळं झालं नाही. ट्रकवाला झोपला होता." आमच्याकडं पुरुषमाणूस असा आतल्या दारात येऊन बोलत नाही. नंतर त्यांना त्याबद्दल बोलणीही बसली असतील. पण त्या एका वाक्यावर मी उभी राहिले, हे मी आज स्पष्ट सांगते. बाकी सगळे मला धीर दे म्हणत होते. माझ्यावरचा आळ काढला तो या एका माणसानं.

आता ललिताची गोष्ट. सर खरे कळायचे तर तीच सांगावी लागेल, आणि तिच्यात माझाही हात आहे. हात म्हणजे अगदी खरोखरचा हात.

ललिता आठवीत होती. गाव तिगाव स्टेशनावर उतरून तीन-चार किलोमीटर आत. मावशीकडं राहून पांढुर्ण्यात शिकत होती. त्या वर्षी मावशी नागपूरला राहायला निघाली आणि ललिताच्या बाबांनी सांगून टाकलं, पोरगी एकटी रोज गाडीनं जाणार नाही, आठवी बस झाली. त्याच वेळी आमच्या शाळेला एका निवासी शाळेतली एक जागा आली. नववीपासून पुढं राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत. जागा एक, आणि पहिल्या नंबरावर दोन पोरी, वैशाली आणि ललिता. दोघींचे गुण सारखे, अगदी एकाही गुणाचा फरक नाही. वैशालीचे वडील गावातले वजनदार. प्राचार्य त्यांच्याकडं झुकायला लागले. सर म्हणाले, "चिठ्ठ्या टाका. सगळ्यांसमोर."

दोन्हीकडची माणसं ऑफिसात जमली. चिठ्ठ्या डब्यात पडल्या. काढायची कोणी? सर म्हणाले, "कडू मॅडम काढतील." कोणीतरी कुजबुजलं. ललिताच्या मावशीनं तर पदर सावरून तोंड फिरवलं. विधवेचा हात. सरांनी ते पाहिलं होतं, आणि पाहूनच माझं नाव घेतलं होतं, याची मला खात्री आहे. मी डब्यात हात घातला. वैशालीचं नाव निघालं.

ललिता रडली नाही. तेरा वर्षांची पोरगी ती. सरांकडं पाहून म्हणाली, "जाऊ द्या न सर. माहं नशीबच तसं आहे." आणि बाहेर व्हरांड्यात मावशी मोठ्यानं म्हणाली, "विधवेच्या हातानं चिठ्ठी काढाले लावली, मंग काय चांगलं होते!"

दोन्ही वाक्यं सरांनी ऐकली, दोन्ही मीही ऐकली. मावशीचं वाक्य मला लागायचं तेवढं लागलं. पण सरांना पोरीचं वाक्य लागलं. संध्याकाळी सायकल हातात धरून ते माझ्यासोबत चौकापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "जिचं नाव निघालं तिचा हॅप होता. जिचं नाही निघालं, ते आता आपलं काम आहे. ते पडलेलं नाही, ते करायचं आहे." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतात.

पुढच्या रविवारी हा माणूस सकाळच्या पॅसेंजरनं तिगावला उतरला, शेताशेतानं चालत ललिताच्या घरी गेला, आणि तिच्या बाबांना म्हणाला, "पोरगी शाळेत नका पाठवू. शाळा मी घेऊन येतो. दोन वर्षांनी प्रायव्हेट फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवू." बाबा भले गृहस्थ. थोडी कपाशी, थोडा संत्र्याचा बगीचा. म्हणाले, "या बाप्पा, आमचं काय जाते." दोन वर्षं सर दर रविवारी गेले. पावसात गेले, मे महिन्यात गेले. सोमवारी त्यांच्या चपलांना काळी माती असे. इंग्रजी, मराठी, हिंदी, इतिहास, विज्ञान. मी विचारायची, "कशी आहे पोरगी?" ते म्हणत, "हुशार आहे." गणिताचं नाव ते कधी काढत नसत, आणि मी मूर्ख, मला वाटायचं तिकडं कोणीतरी असेल गणित शिकवणारं.

दहावीचा निकाल आला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत तर आमच्या शाळेतल्या कोणाहीपेक्षा जास्त, आणि गणितात नापास. पूरक परीक्षेला बसली. त्यातही राहिली.

त्या आठवड्यात मला रजेचा अर्ज हवा होता, म्हणून मी सरांच्या टेबलाचा खण उघडला. आत दहावीच्या गणिताचं गाईड! पानापानावर पेन्सिलीनं सोडवलेली उदाहरणं, अक्षर सरांचं. समीकरणं चुकलेली, खोडलेली, पुन्हा चुकलेली. निम्म्या पानांवर चिन्हंच उलटी. हा माणूस पन्नाशीत स्वतः गणित शिकत होता, आणि शिकेल तसं त्या पोरीला शिकवत होता. तेही चुकीचं.

सर आले. मी गाईड त्यांच्यासमोर आपटलं. "हे काय करून राहिले सर? मी तुमच्या शेजारी बसते! माझं घर तुमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर आहे! एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "तिच्या आईचा समजही मावशीसारखाच आहे, मॅडम. त्या दिवसाच्या चिठ्ठीचा. तुमच्याबद्दल घरात काय बोलतात, ते मी ऐकलं होतं. तुम्हाला तिथं नेऊन मी काय ऐकवणार होतो?"

मला इतका राग आला, इतका, की सांगता येत नाही. आणि रडूही आलं. मी म्हटलं, "मला वाचवायला त्या लेकराला बुडवलंत! मी काय काचेची आहे? तेराव्याला तुम्हीच माझ्यावरचा आळ काढला, आणि तुम्हीच मला जपून कपाटात ठेवलं!" स्टाफरूममध्ये अजून दोघं होते, ते हळूच सटकले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "हा हॅप नाही. हे मी केलं."

त्या रविवारी पॅसेंजरमध्ये आम्ही दोघं होतो.

ललिताचे बाबा अंगणात बाजेवर बसले होते. म्हणाले, "सर, तुमी लय केलं. एवढं कोणी सख्खं करत नाही. पण पोरीच्या नशिबातच नाही, तं कायले जीव आटवून राहिले? बस झालं आता." दाराच्या चौकटीला टेकून ललिता उभी होती. ती म्हणाली, "हाव सर. माहं नशीबच तसं आहे." दोन वर्षांपूर्वीचं तेच वाक्य, तोच आवाज.

सर उभेच राहिले. बसले नाहीत. हात जोडून त्या माणसाला म्हणाले, "दादा, नशिबाचं नाव नका घेऊ. मला गणित येत नाही. येत नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही. उलटंसुलटं शिकवलं. तुमची पोरगी नापास नाही झाली, मी झालो. माझी शिक्षा तिला देऊ नका." मग ललिताकडं वळले. "बेटा, तू मला शिव्या दे. पण ते वाक्य पुन्हा बोलू नको."

ती मान खाली घालून म्हणाली, "असं कसं म्हणता सर. तुमी देवमाणूस." सरांच्या चेहऱ्यावर मी त्या वेळी जे पाहिलं, ते मी कधी विसरले नाही. एखाद्यानं उंबऱ्यावर येऊन दार वाजवावं आणि आतून कोणी उघडूच नये, तसं.

बाबांनी विचारलं, "मंग आता?"

मी म्हटलं, "आता मी येईन. एक वर्ष द्या."

ललिताची आई चुलीजवळून उठली. तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मीही नजर काढली नाही. मग ती आत गेली आणि सतरंजी घेऊन आली. अंथरली. मला म्हणाली, "बसा मॅडम. उभ्यानं काय शिकवान?"

वर्षभर आम्ही दोघं जात राहिलो. खरं तर इंग्रजीची गरज संपली होती, पण सर येतच. मी गणित शिकवायची आणि ते बाजूला बसून स्वतःची वही काढून उदाहरणं सोडवत. ललिताच्या आधी उत्तर काढायची धडपड करत आणि दर वेळी हरत. पोरगी गणितात बुद्दू नव्हतीच मुळी. तिला उलटी शिकवलेली चिन्हं विसरायलाच तीन महिने गेले. पुढच्या निकालात ती पास झाली, चांगली झाली. पुढं बारावी, मग डी.एड. लग्न झालं, नवरा समजूतदार मिळाला. आता सौंसरकडच्या एका गावी अतिथी शिक्षक आहे.

इतकं सगळं नीट झालं, पण सरांचं एक राहून गेलं होतं. प्रत्येक वेळी, पेढे घेऊन आली तेव्हा, लग्नाची पत्रिका घेऊन आली तेव्हा, सर तिला म्हणत, "तुझं ते वर्ष माझ्यामुळं गेलं हं." आणि ती दर वेळी म्हणे, "नाही हो सर. माहं नशीब. तुमचा कायचा दोष?" पाया पडे आणि जाई. सर मग दोन-दोन दिवस तेच मनात घेऊन बसत. मी म्हणायची, "अहो, ती आदरानं म्हणते." ते म्हणत, "माहीत आहे. माझा बापही आदरानंच म्हणत होता."

निवृत्त होऊन ते सौंसरला राहायला गेले. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. मी पांढुर्ण्याहून बसनं जात असे. शेवटची भेट झाली तेव्हा ललिताला सोबत घेऊन गेले होते. त्या भेटीनंतर तीन आठवड्यांत ते गेले.

सरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, त्यांना उशा लावून बसवलं होतं. ललिता पलंगाच्या कडेला बसली. शाळेतल्या पोरांच्या गमती सांगत होती. सरांनी डावा हात तिच्या हातावर ठेवला. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जुळवायला वेळ लागत होता. "वर्ष," ते म्हणाले. "तुझं. चूक. माझी."

मला वाटलं, आता ती नेहमीचं बोलेल. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "हो सर. तुमचीच होती."

मी तिचा हात दाबायला गेले. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"मले राग आला होता सर. लय राग. तुमी यायचे, इंग्रजीच्या कविता म्हणून घ्यायचे, आन् मी मनात म्हणायची, याइले गणित येत नाही तं हे सांगत काऊन नाही? मॅडमले काऊन नाही आणत? वैशालीनं अकरावीत नाव टाकलं आन् मी घरी चुलीपाशी. तेव्हा बाबा गावात सांगत होते, पोरगी ढ आहे. मी ढ नव्हती सर." तिचे डोळे भरले होते, पण ती थांबली नाही. "आता माह्या वर्गात एखादं पोट्टं नापास झालं न, तं मी आधी माही वही तपासते. त्याची मागून."

वहिनी पाण्याचा गिलास हातात घेऊन दारातच थांबल्या होत्या. मी सरांकडं पाहिलं.

त्यांचा अर्धा चेहरा हलत नव्हता. पण उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"अजून," ते म्हणाले. "अजून सांग."

ललितानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि सांगायला लागली. बसची वेळ टळून गेली. मी तिला उठवलं नाही.